कर्नलचा बाप

माझ्या काकांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायला घेतला, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गटांगळ्या खाऊन घरी बसलो होतो. म्हणजे घराण्याच्या उपयोगी पडायला पूर्ण मोकळा होतो. काकांनी मला फोनपाशी बसवलं. नाशिकच्या शाखेला विचार, इंदूरच्या शाखेला विचार, कोण कुणाचा मुलगा ते लिहून घे. मी विचारलं, लिहून घेतलं, आणि पुस्तक छापून आल्यावर कळलं की इंदूरच्या एका सद्गृहस्थांना मी त्यांच्याच धाकट्या भावाच्या पोटी जन्माला घातलं होतं. काकांनी शुद्धिपत्र काढलं आणि माझ्याशी काही महिने बोलले नाहीत. माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट बसली ती बसलीच, की आपल्याला वंशावळीतलं कळतं.

या समजुतीला फळं धरली ती आयर्लंडमध्ये. आम्ही मेयो परगण्यात, कासलबारच्या बाहेर एका खेड्यात राहतो. मी ज्या कारखान्यात आहे तिथे माणसाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या नळ्या तयार होतात, आणि त्या नळ्यांत चूक राहिली नाही ना, हे तपासणं हे माझं काम. हसू नका.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. ऐंशीच्या पुढचे, लग्न न केलेले, थोड्या मेंढ्या आणि एक कुत्रा बाळगून असलेले. आम्ही इथे आलो त्या आठवड्यात ते शेगडीत जाळायला टर्फची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या ढेपांची, गोणी घेऊन आले आणि तेव्हापासून आमचे झाले. बायकोच्या हातची साबुदाण्याची खिचडी त्यांनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "ग्रँड." इथे ग्रँडचा अर्थ भव्य वगैरे नसतो. चालेल, बरं आहे, अजून मेलो नाही, एवढाच असतो. आमच्या घरातल्या बोलण्यात ते "आजोबा" झाले.

आजोबा गावाच्या इतिहास मंडळात होते. मंडळातले सगळेच सत्तरीच्या पुढचे. त्यांना ईमेल पाहणारं कुणीतरी हवं होतं म्हणून आजोबांनी मला एकदा सभेला नेलं. तिथे चहा घेताना मी कुलवृत्तांताचा विषय काढला. मूळ पुरुष, शाखा, पिढ्या, सगळं सांगितलं. इंदूरचं सांगितलं नाही. त्यांनी मला तिथल्या तिथे चिटणीस केलं.

आणि मग अमेरिकेहून ती ईमेल आली. दक्षिणेकडच्या एका राज्यात, शहरांपासून लांब, सगळा शेतीचा असा एक जिल्हा. तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं होतं. सोबत त्यांच्या जिल्ह्याची छोटी पुस्तिका: आमच्या मातीतले सुरुवातीचे थोर पुरुष. एक कर्नल, एक न्यायाधीश, एक धर्मोपदेशक आणि एक डॉक्टर. चौघांची चित्रं होती आणि चौघांचे चेहरे असे, की नुकतंच कुणीतरी वर्गणी मागायला येऊन गेलं असावं. कर्नल हा या बाईंचा पूर्वज. इंग्रजांविरुद्धच्या लढाईत लढला, नदीवर गिरणी बांधली, जिल्ह्याच्या कचेरीचं गाव वसवलं. लहानपणी तो मेयोहून जहाजाने आला, एवढंच पुस्तिकेत होतं. बाईंनी विचारलं होतं, मेयोत नक्की कुठून? माझा भाऊ आजारी आहे, त्याला फार जाणून घ्यायचंय.

कर्नलचं आडनाव आणि आमच्या आजोबांचं आडनाव एकच होतं. आता हे आडनाव इथे दर तिसऱ्या दुकानाच्या पाटीवर असतं, आपल्याकडे कुलकर्णी असावेत तसं. तेवढ्यावर मी उडी मारली नसती. पण कर्नलला मधलं नाव होतं. मी ते आजोबांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "आमच्या घरात होता एक त्या नावाचा. पार जुना. त्याचा मुलगा बोटीत बसून गेला तो गेलाच, असं माझी आजी सांगायची. माझ्या गोठ्यामागच्या पडक्या भिंती त्याच्याच."

झालं. पहिलं नाव मुलाचं, मधलं बापाचं, शेवटी आडनाव. याहून सरळ पुरावा काय असतो? मी स्वतः असाच बनलोय. इथल्या दवाखान्यातली नर्स तर मला सरळ माझ्या वडिलांच्या नावानेच हाक मारते, आणि मीही मुकाट उठून आत जातो.

"यांच्यात मधलं नाव बापाचंच असतं का रे?" बायकोने विचारलं.

"मग काय शेजाऱ्याचं असतं?"

"अरे, तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलाचं मधलं नाव कुठल्याशा संताचं आहे ना?"

होतं. मला माहीत होतं. पण ते जिवंत माणसांचं झालं. मेलेली माणसं नियमाने वागतात अशी माझी का कोण जाणे समजूत होती. मी बाईंना लिहिलं: कर्नलचा बाप सापडला. त्याच्या घराच्या भिंती अजून उभ्या आहेत, गोठ्यामागे. आणि त्याच वंशातला माणूस आज त्याच जमिनीवर मेंढ्या राखतोय. आधी मी "बहुधा" लिहिलं होतं. ते फार गुळमुळीत दिसत होतं, म्हणून काढून टाकलं.

उत्तर यायला वेळ लागला. भाऊ गेला होता. जाण्याआधी त्यांनी माझी ईमेल त्याला हॉस्पिटलात वाचून दाखवली होती. त्याने ती पुन्हा वाचायला सांगितली होती. आता त्यांना त्याची थोडी राख घेऊन इथे यायचं होतं, या घराण्याच्या मातीत ठेवायला. आजोबांची हरकत नसेल तर.

मी ती ईमेल आजोबांच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचली. त्यांनी शेगडीत टर्फची एक ढेप सारली. मग म्हणाले, "आमच्या कबरीत एकाची जागा उरलीय. आई, बाप, भाऊ आहेत. ती माझी." थोड्या वेळाने हाताने माप दाखवत म्हणाले, "राख म्हणजे काय, एवढीशी. मी जरा सरकून घेईन."

पुढचे काही आठवडे हा माणूस ओळखू येईना. फाटकाला रंग काढला. वरची खोली, जिच्यात वर्षानुवर्षं खताची पोती होती, ती रिकामी केली. नवी किटली आणली. दुकानात, मेंढ्यांच्या बाजारात, चर्चच्या दारात, भेटेल त्याला सांगितलं, अमेरिकेहून चुलतबहीण येतेय. एकदा फाटकाशी ब्रश हातात धरून मला म्हणाले, "ती लिहिते की दरवर्षी येईन. भाऊ आहे म्हटल्यावर येईलच ना? नाहीतर मी त्या कबरीत गेल्यावर कोण बघणार होतं रे. गवत माजलं असतं."

कुलवृत्तांतात अशा माणसापुढे आम्ही "निर्वंश" असं लिहून पुढच्या शाखेकडे वळत असू. फोनवर मी असे कितीतरी जण उरकले होते. त्यांच्यापैकी कुणी फाटकाला रंग लावताना दिसला नव्हता.

बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, धावायचे बूट घातलेल्या, आणि बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत आपण दोनदा मान हलवून घ्यावी. आजोबा कोट घालून फाटकात उभे. त्यांनी हात पुढे केला, बाईंनी सरळ मिठी मारली. आजोबा खांबासारखे उभे राहिले, मग बिथरलेल्या गाईला थोपटावं तसा त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

चहा झाला. आजोबांनी विचारलं, "कसा होता तो? कर्नल?"

बाईंनी पुस्तिका काढली नाही. कप खाली ठेवला. म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगायला हवं. त्याच्याकडे माणसं होती."

"गडी?"

"विकत घेतलेली. गिरणी त्यांनी बांधली, शेतं त्यांनी नांगरली. आमच्या पुस्तिकेत त्यांच्यातल्या एकाचंही नाव नाही. मी शाळेत मुलांना हे सांगायला लागले तेव्हा काही लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं."

आजोबा शेगडीकडे बघत राहिले. "म्हणजे जमीनदारच झाला की तो. इथे जमीनदाराने आमच्या लोकांना घराबाहेर काढलं, आणि हा पठ्ठ्या तिथे जाऊन..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. उठले, बाईंच्या कपात चहा ओतला. "घरचा आहे. घरचा म्हटल्यावर काय करतेस. घे, बिस्कीट घे."

मी तिथे बसून मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, हे सांगायला हवं. दोनशे वर्षांनी घर जोडलं, काका असते तर, वगैरे.

राख ठेवायचा दिवस ठरला बुधवार. फादरना सांगितलं, मंडळाच्या हॉलमध्ये हॅम सँडविचची व्यवस्था झाली. सोमवारी मी बाईंना कासलबारला नेत होतो, पाथरवटाकडे, भावाचं नाव दगडावर घालायला. गाडीत त्यांनी भावाचं पूर्ण नाव सांगितलं आणि हसल्या. "मधलं नाव आमच्या गावच्या डॉक्टरांचं. रात्रभर पावसात घोड्या... नाही, ट्रॅक्टरवरून आले म्हणे ते बाळंतपणाला. आमच्याकडे असंच. कर्नलचंसुद्धा."

"कर्नलचंसुद्धा काय?"

"मधलं नाव. ते त्याचं नव्हतंच. जिल्ह्यात त्याच नावाचा दुसरा एक इसम होता आणि त्याची देणी याच्या दारात यायची. मग याने आपल्या नावात एका दुकानदाराचं नाव घातलं. बंदरात उतरल्यावर त्याला पहिली नोकरी ज्याने दिली, त्याचं. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे."

मी गाडी एका शेताच्या फाटकाशी थांबवली.

"पंक्चर?" बाईंनी विचारलं.

"नाही." मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या. "मग कर्नलच्या बापाचं नाव काय होतं?"

"ते तर तुम्ही शोधलंत," बाई म्हणाल्या.

पाथरवट त्या दिवशी भेटला नाही, एवढंच दैव माझ्या बाजूचं. घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं.

"सांगून टाक," ती म्हणाली.

"कुणाला?"

"दोघांना. आजच्या आज." मग खिडकीतून पलीकडे बघितलं. आजोबा दारात बसून बूट पॉलिश करत होते, आणि बाई कुत्र्याशी बोलत होत्या. "नाही, गप्प बस. बुधवार होऊ दे." मग पुन्हा, "पण त्या कबरीत एकच जागा आहे रे. कुणाच्या तरी आईशेजारी आपण कुणालाही नेऊन ठेवायचं?" आणि शेवटी, "मला विचारू नकोस. मी नव्हतं लिहिलं."

मंगळवारी मी आजोबांना सांगायला गेलो. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, बाप कसा गवत कापायचा ते सांगितलं, आणि मला म्हणाले, "तू मोठं काम केलंस हो." त्यानंतर काय बोलणार? मी चहा प्यायलो. आणखी घेणार का विचारलं, तर हो म्हणालो. पोटात चहा आणि सत्य दोन्ही घेऊन परत आलो.

बुधवारी सकाळी बाई आमच्याकडे पोहे खायला आल्या. त्यांनी चमचा उचलला आणि मी तोंड उघडलं. एकदा उघडल्यावर थांबता येईना. आमच्याकडे मधे बापाचं नाव घालतात इथपासून इंदूरच्या सद्गृहस्थांपर्यंत सगळं सांगितलं. ते मंडळात लपवलेलं होतं, तेही आत्ताच बाहेर यायचं होतं.

बाईंनी चमचा खाली ठेवला. "तुमची खात्री आहे?"

"आधी होती."

"आणि आता?"

"आता कसलीच नाही. तो त्यांचा असेलही. नसेलही. या आडनावाची घरं इथे..."

त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग उठल्या. "त्यांना मी सांगते," म्हणाल्या. मी त्यांच्या मागे रस्ता ओलांडला. न बोलावलेल्या कुत्र्यासारखा. खरा कुत्रा दारातच होता, त्याने मला वाट दिली.

आजोबा कोट घालून तयार होते. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं, शांतपणे, दोष कुणाला न देता. आजोबांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"भावाला मी परत नेते. तुमच्या आईवडिलांपाशी परका माणूस ठेवायचा मला हक्क नाही."

"जागा आहे," आजोबा म्हणाले.

"तुम्ही फार चांगले आहात."

"चांगल्याचं काही नाही. जागा आहे खाली."

"नाही. माझं मन मला खाईल." बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि बोलणं तिथे संपलं.

आता इथे मला एक गोष्ट कळत होती, आणि त्या खोलीत ती फक्त मलाच कळत होती. या गावात चहा विचारला तरी माणूस दोनदा नको म्हणतो, आणि यजमान तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा हो म्हणायचं असतं. आमच्याकडेही आग्रहाशिवाय जिलबीचं ताट पुढे सरकत नाही, म्हणून मला हे पहिल्याच वर्षी समजलं. आजोबा दोनदा म्हणाले होते. पण बाईंच्या देशात नाही म्हणजे नाही, आणि त्यांना वाटलं आजोबा रीत म्हणून बोलतायत. आणि बाईंनी असा हात धरल्यावर, डोळ्यांत पाणी आणल्यावर, तिसऱ्यांदा विचारणं आजोबांना जबरदस्तीसारखं वाटलं. दोघंही एकमेकांसाठी माघार घेत होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं की थांबा, ते मनापासून विचारतायत, हो म्हणा. पण त्या सकाळी मी आधीच इतकं बोलून बसलो होतो की माझ्या तोंडावर माझाच विश्वास उरला नव्हता. तेव्हा मी गप्प राहिलो. आयुष्यात गप्प राहायची इतकी चुकीची वेळ मी दुसरी निवडलेली नाही.

फादरना फोन मी केला. हॉलवर फोनही मीच केला. सँडविच झाकलेली होती, ती घरोघर वाटली गेली. गावात कुणी मला एक शब्द बोललं नाही. दुकानातली बाई फक्त म्हणाली, "अगदीच वाईट झालं," आणि सुटे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले.

बाई आता आजोबांच्या त्या वरच्या खोलीत राहायला तयार नव्हत्या. परक्या माणसाकडे फुकट कसं राहायचं, म्हणाल्या. विमान शुक्रवारचं होतं. मी त्यांना दुपारीच डब्लिनच्या विमानतळाजवळ, स्वोर्ड्सच्या एका हॉटेलात सोडायला निघालो. भाऊ मागच्या सीटवर होता, पट्टा लावलेला. पट्टा लावला नाही की गाडी टिकटिक करायची, म्हणून. रस्ताभर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते बरोबरच केलंत." नापास झालेल्या पोराला शिक्षक म्हणतात ना, अक्षर छान आहे हो तुझं, तशा.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांकडे गेलो. त्यांनी नेहमीसारखा चहा केला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "त्या कर्नलपासून तरी सुटलात. माणसं विकत घेणारा पूर्वज गेला तर बरंच."

"सवय करून घेत होतो त्याची," आजोबा म्हणाले.



"बाई पुन्हा येतील की," मी म्हणालो. "ओळख तर झालीच."

"कशाला येईल?"

त्यांनी कपात साखर घातली, ढवळली.

"शुक्रवारी ती जाणारच होती," ते म्हणाले. "तेवढं थांबला असतास तर?"

"पण ते खोटं झालं असतं."

"कुणाला रे?" त्यांनी खरंच विचारलं, रागाने नाही. "त्याला नाही. मला नाही. ती दरवर्षी आली असती, दोघांवर फुलं ठेवून गेली असती. खोटं कुणाला झालं असतं, तेवढं सांग."

आमच्या कारखान्यात चूक सापडली की तो माल बाजूला काढतात, लाल पट्टी लावतात, आणि मी घरी जातो. इथे पट्टी कशाला लावायची तेच कळेना. तेवढ्यात त्यांनी टोपी घातली आणि कुत्र्याला हाक मारली. मेंढ्या बघायला जायची त्यांची वेळ झाली होती. एरवी मला विचारतात, येतोस का. त्या दिवशी न विचारता निघाले. दार उघडंच होतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांनी केलेला चहा पुढ्यात घेऊन बसून राहिलो, आणि दुसऱ्याच्या घरातून घरमालक नसताना उठून जायचं कसं, हे मला कितीतरी वेळ ठरवता आलं नाही.